पहिली ऑफरोड वाट निवडताना: जिथून परत फिरता येईल तीच सोपी

ओव्हरलँडिंगचं खूळ डोक्यात शिरलं की नवखा माणूस आधी गाडीच्या मागे लागतो. टायर कुठले, कॅरियर कुठला, छतावर तंबू लावू की खाली, यात महिने जातात. वाट मात्र एखादा व्हिडिओ बघून अर्ध्या तासात ठरते. खरं तर गाडी आहे तशी ठेवून वाट निवडण्यात तो वेळ घातला, तर पहिल्या सहलीतल्या निम्म्या अडचणी घरीच सुटतात.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. ओव्हरलँडिंग म्हणजे मुक्कामाचं सगळं सामान गाडीत घेऊन कच्च्या वाटांनी केलेला काही दिवसांचा प्रवास. मोठमोठे दगड चढवणं, गाडी तीन चाकांवर उभी करणं हा वेगळा खेळ आहे. त्यात गाडी मोडली तर ट्रेलरवर घालून नेतात. आपल्याला त्याच गाडीत झोपायचं असतं आणि तीच चालवत घरी यायचं असतं. त्यामुळे ‘आपली गाडी इथून जाईल का’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘पुढे नाही जमलं तर इथून परत फिरता येईल का’ हे विचारा. नवख्यासाठी सोपी वाट म्हणजे जिच्या कुठल्याही टप्प्यावर या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असतं ती. खाली जे काही सांगणार आहे ते बहुतेक याच एका कसोटीतून निघतं.

आधी गाडी मोजा, तीही भरलेली

कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग यांमधलं अंतर, २०० किंवा २१० मिलिमीटर लिहिलेला असतो. पण पाणी, डिझेलचा कॅन, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाचं सामान आणि चार माणसं बसली की स्प्रिंग दबतात. म्हणून सगळं सामान भरून, माणसं बसवून, सपाट जागी टेपने मोजा. सगळ्यात खाली काय लोंबतंय ते वाकून बघा: कुठे मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरेन्शियल (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा गोळा) असतो, कुठे सायलेन्सरचा पाइप. तो आकडा तुमचा खरा क्लिअरन्स.

पुढच्या बंपरची खालची कड किती पुढे आलीय, मागे काय घासेल, आणि दोन चाकांमधलं पोट उंचवट्यावर टेकेल का, हेही पाहून ठेवा. लांब व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये जास्त अंतर असलेल्या) गाडीला खड्ड्यापेक्षा उंचवटा जास्त नडतो. आरशांसकट रुंदी आणि छतावरच्या सामानासकट उंची एका कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. झाडांच्या फांद्यांखालून जाताना ती आठवत नाही.

छतावर शक्य तितकं कमी ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि छतावर चढवलेला प्रत्येक किलो गाडीला तिरक्या उतारावर कलंडायला मदत करतो. माणशी दिवसाला निदान चार-पाच लिटर पाणी पिण्या-रांधण्यालाच लागतं. हा भार खाली, दोन अ‍ॅक्सलच्या मधे राहू दे.

गाडीला लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ताकद देणारे खालचे जादा गिअर, आहे की नाही हे वाट निवडताना फार महत्त्वाचं. लो रेंज नसलेली ऑल व्हील ड्राइव्ह गाडी चांगल्या कच्च्या रस्त्यावर झकास चालते, पण लांब, तीव्र उतारावर तिला ब्रेकच्याच भरवशावर उतरावं लागतं आणि ब्रेक तापतात. अशा गाडीसाठी डोंगरातल्या वाटा पहिल्या यादीतून काढून टाका.

अंतर किलोमीटरमध्ये नको, तासांमध्ये मोजा

डांबरी रस्त्याची सवय असलेल्याला ६० किलोमीटर म्हणजे तासाभराचं काम वाटतं. सोप्या कच्च्या वाटेवर भरलेल्या गाडीचा सरासरी वेग १५ ते २० किलोमीटर धरा. दगडगोट्यांची वाट असेल तर आठ-दहा. त्यात फाटक उघडणं, उतरून पाहणं, वाट चुकून मागे येणं. दिवसाला पाच तास चाक फिरतं असं मानलं तर ७० किलोमीटरच्या वर पहिल्या सहलीत जाऊच नका, आणि ४० असेल तर मी खूश होईन. मुक्कामाच्या जागी सूर्यास्ताआधी दोन तास पोचायचं, या हिशेबाने उलटं मोजत या. अंधारात हेडलाइटच्या झोतात लहान खड्डा विहिरीएवढा दिसतो आणि खरी घळ सावलीत लपून जाते.

इंधनाचा अंदाज रस्त्यावरच्या मायलेजवर बांधू नका. खालचे गिअर, लो रेंज, मऊ जमीन यांत दीडपट तरी जळतं, वाळूत त्याहूनही जास्त. वर परतीचं अंतर धरा. शेवटच्या पंपापासून आत जाऊन त्याच वाटेने परत येण्याइतकं इंधन टाकीत बसत नसेल, तर ती वाट पहिली नव्हे.

नकाशा वाचायचा कसा

इथे थोडं थांबू, कारण बरेच जण नुसती रेघ बघतात. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर २० मीटर असेल, आणि तुमची वाट एका सेंटिमीटरमध्ये अशा पाच रेषा पार करत असेल, तर ५०० मीटरमध्ये १०० मीटर चढ झाला. म्हणजे २० टक्के, साधारण ११ अंश. कोरड्या, घट्ट मुरमावर हा चढ गाडीला जड नाही. तोच सुट्या दगडांचा किंवा ओल्या मातीचा असला तर चाकं फिरायला लागतात. नवख्याने पहिल्या वाटेवर असा लांब पट्टा एकही ठेवू नये, हे माझं मत. वाट रेषांना समांतर जात असेल तर चढ नाही, पण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असणार. अशा वाटेवर समोरून गाडी आली तर कोण किती मागे घेणार, हे आधी विचारा.

मोबाइल अ‍ॅपमधला उंचीचा आलेख पाहायला छान, पण त्याच्यावर विसंबू नका. अशा आलेखांच्या मागे बहुतेक वेळा उपग्रहांवरून घेतलेली उंचीची माहिती असते. तिच्यात जगभर मोफत मिळणारे जे आकडे आहेत ते साधारण ३० मीटरच्या चौकटीतले. ३० मीटरमध्ये दडलेली दीड मीटरची दगडी पायरी त्या आलेखात दिसतच नाही, आणि गाडी अडते ती नेमकी तिथे.

ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या मोफत नकाशावर अनेक कच्च्या वाटांना ‘ट्रॅकटाइप’ दिलेला असतो: ग्रेड १ म्हणजे पक्का, घट्ट पृष्ठभाग आणि ग्रेड ५ म्हणजे मऊ मातीची, गवताळ वाट. ‘स्मूदनेस’ नावाची आणखी एक नोंद असते. तिच्यात ‘बॅड’पर्यंत साधी गाडी सांभाळून चालते, ‘व्हेरी बॅड’ला जास्त क्लिअरन्स लागतो, आणि ‘हॉरिबल’ आलं की खऱ्या ऑफरोड गाडीचं काम. पहिल्या सहलीसाठी ग्रेड २ ते ३ आणि ‘बॅड’ ते ‘व्हेरी बॅड’ एवढीच पट्टी धरा. अर्थात ही नोंद कुणी स्वयंसेवकाने त्याला दिसलं तशी केलेली असते, आणि तो कदाचित सायकलवर होता.

मग उपग्रह चित्र उघडा. ते कधी काढलंय ती तारीख पाहा आणि जुन्या तारखांची चित्रं मिळत असतील तर पावसाळ्यानंतरचं आणि कोरड्या दिवसांतलं अशी दोन्ही शेजारी ठेवा. वाटेवर जिथे जिथे दोन-तीन समांतर चाकोऱ्या फुटलेल्या दिसतात, तिथे लोक काहीतरी टाळून बाजूने गेलेत. बहुतेक वेळा चिखल. ती जागा नकाशावर खुणेने नोंदवा.

सरासरी सोडा, सगळ्यात वाईट ५० मीटर शोधा

वाटेचा दर्जा तिच्या सगळ्यात अवघड तुकड्यावर ठरतो. अमेरिकेत युटा राज्यात कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात व्हाइट रिम नावाची सुमारे १६० किलोमीटरची वाट आहे. तिचा बराच भाग रुंद, सपाट खडकावरून जातो आणि फोटोही त्याच भागाचे असतात. पण मधे मर्फी हॉगबॅक आणि हार्डस्क्रॅबल हिलसारखे उभे, दरीकाठचे चढ आहेत. उद्यानाने म्हणूनच तिथे लो रेंजची, जास्त क्लिअरन्सची फोर बाय फोर गाडी हवी असं सांगितलंय. फोटो पाहून वाट निवडणाऱ्याला हे चढ तिथे पोचल्यावरच कळतात.

दर्जाच्या पद्धती ठिकठिकाणी वेगळ्या. कुठे १ ते १० अंक, तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सोपी, मध्यम, अवघड, अतिअवघड अशा चार पायऱ्या. एका पद्धतीतला ३ दुसरीकडे ५ असू शकतो. आणि हे दर्जे बहुतेक वेळा कोरड्या दिवसांतले असतात, ओल्या मातीत वाट एक-दोन पायऱ्या वर सरकते. कुणाचा अनुभव वाचताना तीन गोष्टी शोधा: गाडी कुठली, महिना कुठला, एकटे होते की सोबत दुसरी गाडी होती. ‘मस्त वाट, काही अवघड नाही’ हे वाक्य मोठे ३३ इंची टायर आणि दोन्ही डिफरेन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं सारखीच फिरवणारी सोय) असलेल्या गाडीवाल्याचं असेल तर तुमच्या उपयोगाचं नाही.

जमीन आणि ऋतू

घट्ट मुरूम आणि बारीक खडी हा नवख्याचा मित्र. सुटे दगड सांभाळून चालतात, फक्त टायरची बाजू कापली जाणार नाही याकडे लक्ष हवं. वाळू शिकायला चांगली, पण हवा सोडल्याशिवाय तिच्यात उतरू नये: रस्त्यावर टायरमध्ये ३२-३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर वाळूत १६-१८ पर्यंत आणावी लागते, आणि परत भरायला पंप सोबत हवा. एवढ्या कमी हवेत वेग आणि वळणं दोन्ही आवरा, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. तुमच्याकडे पंप नसेल तर वाळूची वाट यादीतून गेली, विषय संपला.

चिकणमातीबद्दल मात्र मी कडक आहे. कोरडी असताना डांबरासारखी पळते आणि एका सरीनंतर टायरच्या नक्षीत अशी भरते की उरतो फक्त गुळगुळीत गोळा. फोर बाय फोर तिथे काहीच करू शकत नाही, चारही चाकं सारखीच घसरतात. नकाशावरच्या वाटेत चिकणमातीचा लांब पट्टा असेल तर पावसाच्या अंदाजाच्या आसपासही जाऊ नका. शिवाय ओल्या वाटेवर गाडी घातली की खोल चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगड होतात आणि वाट सगळ्यांसाठीच बिघडते.

पाणी. पहिल्या वाटेवर ओढा नसेल तर उत्तम. असलाच तर चाकाच्या मध्यापेक्षा उथळ, संथ आणि तळ घट्ट असलेला. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर खोल असलं तरी लहान गाडी ढकलू शकतं, ६० सेंटिमीटर असेल तर मोठी एसयूव्हीसुद्धा वाहून नेतं. आधी चालत पार करून पाहा. जिथे पायी उतरायची हिंमत होत नाही तिथे गाडी घालायची नाही. (मगरींचा मुलूख असेल तर पायी उतरूही नका आणि ती वाटही धरू नका.) बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्यांचं पाणी दुपारनंतर चढतं आणि पहाटे सगळ्यात कमी असतं, हे परतीचा बेत आखताना विसरू नका. सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी तुम्हाला पलीकडे अडकवतो. कोरड्या नदीपात्रातून जाणारी वाट असेल तर वरच्या अंगाला पाऊस पडतोय का हे पाहा, डोक्यावर ऊन असलं तरी. आणि पात्रात मुक्काम कधीच करायचा नाही.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण लवकर उरकता येतो. वाट खाजगी जमिनीतून जाते का, वनक्षेत्र आहे का, मुक्कामाला मुभा आहे का, चूल पेटवता येते का. संबंधित कार्यालयाला फोन करून विचारा आणि त्याच फोनवर ‘सध्या वाट कशी आहे’ हेही विचारून घ्या. बंदीचे काळ ठरलेले असतात: ऑस्ट्रेलियातली सिम्पसन वाळवंटाची उद्यानं १ डिसेंबर ते १५ मार्च, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, बंद असतात. आइसलँडमध्ये डोंगराळ ‘एफ’ रस्ते उन्हाळ्यात वाट सुकल्यावरच उघडतात, त्यांवर फोर बाय फोर गाडी कायद्याने सक्तीची आहे, आणि वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. नेटवर्क नसलेल्या भागासाठी सॅटेलाईट फोन किंवा मेसेंजर घ्यायचा विचार असेल तर त्या देशाचा कायदा पाहा. भारतासह काही देशांत तो परवानगीशिवाय बाळगता येत नाही.

परतीच्या जागा

आता मूळ मुद्दा. नकाशावर वाट आखून झाली की तिच्यावर हिरव्या खुणा करत जा: जिथे गाडी वळवता येईल अशी प्रत्येक जागा. मोकळं मैदान, फाटा, रुंद वळण. भरलेल्या गाडीला दोन-तीनदा पुढे-मागे करून वळायला साधारण गाडीच्या लांबीच्या दीडपट रुंदी लागते. दोन खुणांमधलं अंतर एक किलोमीटरच्या पुढे गेलं तर त्या तुकड्याकडे संशयाने पाहा, कारण तेवढं रिव्हर्समध्ये यावं लागेल. अर्धा किलोमीटर अरुंद वाटेवर मागे येऊन पाहा एकदा, मान आणि क्लच दोन्ही बोलायला लागतात. जिथून पक्क्या रस्त्याला बाहेर पडता येतं त्या फाट्यांना वेगळा रंग द्या.

मग उतार तपासा. चढ फसला तर गाडी थांबते आणि रिव्हर्सने सरळ खाली येता येतं. उतार मात्र गाडी कशीही उतरतेच, घसरत का होईना. पुढे वाट बंद निघाली की तोच उतार चढून परत यायचं असतं, आणि तेव्हा तो जमत नाही. नवखे अडकतात ते बहुतेक असे. म्हणून प्रत्येक मोठ्या उताराच्या माथ्यावर थांबून एकच विचार करा: हाच मला चढायचा असता तर मी चढलो असतो का? शंका आली तर तिथूनच मागे वळायचं.

याच कारणाने पहिल्या सहलीसाठी मी गोल फिरून येणारी वाट सुचवत नाही, जरी सगळ्यांना तीच हवी असते. ५० किलोमीटरच्या गोलात ४२व्या किलोमीटरला अडचण आली की परत ४२ जायचं की उरलेले आठ कसेतरी रेटायचे, असा पेच पडतो. माणूस नेहमी आठ रेटतो. संध्याकाळ झालेली असते, माणसं दमलेली असतात, आणि चुकीचे निर्णय सगळे तिथे होतात. जायची तीच यायची, अशी २० किलोमीटर आत जाणारी वाट निवडली तर प्रत्येक पावलाला तुम्ही पाहिलेल्याच वाटेने परतणार असता. येताना तीच वाट उलट्या बाजूने वेगळीच दिसते, त्यामुळे कंटाळाही येत नाही.

वाटेवर गेल्यावर

निघताना एक चार-पाच फुटी काठी घ्या. तिच्यावर रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा करा: खालची तुमच्या मोजलेल्या क्लिअरन्सची, वरची कंपनीने दिलेल्या पाण्याच्या कमाल खोलीची. चाकोरी खोल दिसली की उतरा आणि काठी चाकोरीत उभी धरा. मधला उंचवटा खालच्या खुणेच्या वर आला तर पोट टेकणार, चाकं जागीच फिरत राहणार. मग चाकं चाकोरीत न घालता एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेवर ठेवून जाता येतं का ते चालत पाहा. नाही तर सरळ मागे. ओढ्यात वरची खूण म्हणजे गाडीची शेवटची मर्यादा. नवख्याने तिच्या निम्म्यावरच थांबावं.

पहिल्या वेळी एकटी गाडी नेऊ नका, सोबत दुसरी हवी. ओढून काढायला दोर असतो तेव्हा तो कुठे अडकवायचा हेही घरीच पाहून ठेवा: चॅसीला घट्ट बसवलेला, ओढण्यासाठीच दिलेला हुक. ट्रेलर जोडायचा गोळा त्यासाठी नसतो, तो तुटून बंदुकीच्या गोळीसारखा उडतो आणि त्याने माणसं मेलीत. घरच्या कुणाला तरी वाटेचा नकाशा, बाहेर पडण्याची वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर अमुक ठिकाणी कळव’ एवढं लिहून द्या.

परतीची वेळ सकाळीच ठरवा आणि ती मोठ्याने सांगा, म्हणजे गाडीतल्या सगळ्यांना ती माहीत असते. एक वाजता जिथे असू तिथून वळायचं, मुक्कामाची जागा दोन किलोमीटरवर असली तरी. यासाठी मुक्कामाच्या जागा एकाऐवजी तीन निवडून ठेवा: एक ठरलेली, एक निम्म्या वाटेवर, आणि एक अगदी सुरुवातीला, पक्क्या रस्त्याजवळ.

ही वाट नीट झाली की दुसरी निवडताना एकच गोष्ट वाढवा. अंतर वाढवायचं असेल तर जमीन तशीच घट्ट ठेवा, वाळू शिकायची असेल तर वाट लहान आणि सपाट ठेवा, चढ हवे असतील तर ते कोरड्या ऋतूत करा. ओढे सगळ्यात शेवटी.